तुमच्या गादीवर पडून निवडलेला सायलेन्सर

माननीय विहीणबाईंच्या सेवेशी,

(लिहिणारी म्हणते, "सेवेशी" नको, अर्जासारखं वाटतं. लिहिणारी म्हणजे तुमचीच लेक. मी तिला सांगितलंय, तू हात आहेस, हातानं मत द्यायचं नसतं. अगदीच राहवलं नाही तर कंसात लिही आणि शेवटी "सून" असं घाल, म्हणजे तुझं पाप माझ्या माथी नको. वाचून दाखवताना ती कंस गाळते असा मला संशय आहे, पण अक्षर ओळखीचं नसलेल्या बाईनं संशयापलीकडे काय करायचं?)

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा वाकायला लागला का, की तोही तुमच्यासारखा आपल्या मतावर ठाम आहे? सकाळचं फिरणं चालू ठेवा. माझं म्हणाल तर एक्क्याऐंशी पूर्ण झाली आणि दात अजून बारा आहेत, त्यातले नऊ कामाचे. पोरगा दातांचा डॉक्टर असून ही स्थिती, यावरून त्याच्या दवाखान्यात येणाऱ्यांची कीव येते. बाकी इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहायला सांगते. मजेत कुणीच नाही.

तुमच्या लेकीच्या टाचेचं ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला ठरलंय, ते तिनं तुम्हाला सांगितलंच असेल. सहा आठवडे पाऊल जमिनीला लावायचं नाही. आपली नात वसतिगृहात, तिच्या परीक्षा. तुमचे जावई दिवसभर दवाखान्यात. उरले मी. मला स्वतःला खुर्चीतून उठताना आधी मनाची तयारी करावी लागते, मग गुडघ्यांची, मग कुणाला तरी हाक मारावी लागते. मी तिला उचलून न्हाणीघरात नेणार म्हणजे दोघींचं एकदमच ऑपरेशन करावं लागेल. तिला तुम्ही हव्या आहात. (मी असं म्हटलेलं नाही. – सून) म्हटलेलं नाही, खरंय. पण पाहुण्यांच्या खोलीतली चादर ती दर दोन दिवसांनी बदलते, आणि त्या खोलीत आठ महिन्यांत कुणी पाहुणा उतरलेला नाही.

हे फोनवर का सांगत नाही, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि ठेवून देता. कागदाचं तसं नाही. तो तुम्ही खाली ठेवलात तरी बोलत राहतो.

आता मूळ गोष्टीकडे येते. मागच्या वेळी तुम्ही पंधरा दिवसांसाठी म्हणून आलात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन दारात उभ्या राहिलात. रविवार होता. खाली शेडमध्ये पोरानं गाडी चालू केलेली, वर तुमच्या खोलीच्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि तुम्ही म्हणालात, या आवाजात माझ्याच्यानं राहवणार नाही. त्यानं धावत येऊन हात जोडले, अंगावर ग्रीसचे डाग, तोंडात शब्द नाही. (दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणतो आणि घरी आला की स्वतःचं उघडत नाही.) तुम्ही गेलात. त्या दिवसापासून या घरात एकच विषय: आवाज.

त्या गाडीला तुम्ही धूड म्हणता. ती धूड नाही, ती बसकी आहे. लांब नाक, दोन दारं, आणि आत शिरायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. बाहेर येताना कुणीतरी दोर सोडावा लागतो. आमच्या ह्यांनी ती एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातून आणली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालून बसली होती. अकरा वर्षं खपून त्यांनी ती उभी केली. सहा सिलिंडर, तीन कार्बोरेटर. त्या इंजिनाचं ते जितकं कान देऊन ऐकत तितकं माझं ऐकलं असतं तर मी आज फार बिघडलेली बाई असते. ही गाडी शर्यतीत धावायला जन्मली आणि आम्ही तिला भाजी आणायला नेतो. तरी ती मानी आहे, पिशवीतल्या दुधीकडे बघतही नाही. ते गेल्यावर पोरानं तिला सांभाळलं. दर रविवारी सकाळी तो तिला फिरवून आणतो, कारण उभी राहिली की तिचे सांधे धरतात, असं तो म्हणतो. माझेही धरतात. मला कुणी फिरवून आणत नाही.

तर तुम्ही गेल्यावर त्यानं वाकून पाहिलं. जुना सायलेन्सर गंजून त्याची चाळण झालेली. दोन महिने त्यानं गाडीला हात लावला नाही, तिच्यावर चादर घातली, आणि जेवताना चादर घातलेल्या माणसासारखा बसू लागला. मग एके दिवशी म्हणाला, आवाज घालवायचा. पण गाडीचा श्वास कोंडायचा नाही. या दोन अटी. मी म्हटलं, लग्नात आम्हाला हेच सांगितलं होतं, तेव्हा कुणाला जमलं? (सासूबाई आत्ता स्वतःच हसल्या, म्हणून मीही हसले. – सून)

आम्ही मिस्त्रीकडे गेलो. मी का गेले? कारण माझे वडील लोहार होते. सात वर्षांची असल्यापासून मी त्यांच्या भात्याची दोरी ओढायची, शाळा त्याच दोरीला अडकून राहिली. अक्षरं आली नाहीत, पण हवा कुठून जाते, कुठे अडते आणि अडली की विस्तव कसा रुसतो, ते मला कळतं. पोराला वाटलं आई बाहेर पडायला निमित्त शोधतेय. तेही होतंच.

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे एक लांबट खोली, मध्ये खड्डा, भिंतीवर वाकवलेल्या नळ्या टांगलेल्या, जणू एखाद्या मोठ्या प्राण्याची आतडी वाळत घातलीयेत. वेल्डिंग करून करून त्याचा एक डोळा कायम अर्धा मिटलेला, त्यामुळे तो साधी गोष्ट बोलला तरी डोळा मारून बोलल्यासारखं वाटतं. पोरानं सांगितलं, गाडी शांत करायची आहे. मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, तीस वर्षांत सगळे आवाज वाढवून मागायला आले, कमी करून मागणारे तुम्ही पहिले. घरी सगळं ठीक आहे ना? पोरगा म्हणाला, सासूबाईंसाठी. मिस्त्रीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्या क्षणापासून तो आमचा घरचा माणूस झाला.

पहिला सायलेन्सर पडद्यांचा. मिस्त्रीनं एक जुना कापलेला डबा दाखवला: आत भिंती, भिंतींना भोकं, धूर एका खोलीत शिरतो, भिंतीवर आपटतो, मागे फिरतो, दुसऱ्या खोलीत जातो, पुन्हा वळतो. मी म्हटलं, हा कचेरीतल्या अर्जासारखा फिरणार, बाहेर पडेल तेव्हा त्यात जीव राहणार नाही. असा अडवला तर विस्तव रुसेल. दोघांनी "हो आजी", "हो आई" म्हटलं आणि तोच बसवला. शांत झाली, अगदी शांत. चालू आहे की बंद ते पाहायला बॉनेटवर हात ठेवावा लागायचा. मग पाण्याच्या टाकीजवळचा चढ आला. इंजिन धापा टाकायला लागलं, जणू कुणी उशी तोंडावर दाबलीय. पोरानं पाय खाली दाबला, गाडीनं नुसता सुस्कारा सोडला. तेवढ्यात मागून एक नर्सबाई सायकलवरून आली, घंटी वाजवली, आमच्या बाजूनं पुढे गेली, आणि वर पोचून वळून विचारते, ढकलायला कुणाला पाठवू का? सहा सिलिंडर, तीन कार्बोरेटर. पोराचे कान मागून लाल झालेले मला दिसत होते. मी काही बोलले नाही. (घरी येऊन तीन दिवस त्याच विषयावर बोलल्या. – सून)

दुसरा होता सरळ नळीचा. म्हणजे मधून धूर सरळ जातो, कुठे वळायचं नाही, आपटायचं नाही. नळीला जाळीसारखी भोकं आणि तिच्याभोवती काचेची लोकर ठासून भरलेली. आवाज भोकांतून लोकरीत शिरतो आणि तिथेच निजतो. ही गोष्ट मला पटली. मी शिवणाच्या पेटीतून दोरा नेला होता. मिस्त्रीला म्हटलं, नळीच्या या तोंडाला दोरा बांध आणि त्या तोंडातून हवेचा पाइप सोड. पडद्यांच्या डब्याशी दोरा लोंबतच राहिला, कंटाळलेल्या मुलासारखा. जाळीच्या नळीशी तो काठीसारखा ताठ झाला. मिस्त्रीचा मिटलेला डोळा पहिल्यांदाच पूर्ण उघडला. म्हणाला, आजी, हे यंत्र माझ्याकडे नाही. मी म्हटलं, ठेव तुझ्याकडे, माझ्याकडे रीळ भरून आहे.

आठवडाभर सगळं छान. पण मिस्त्रीनं लोकर स्वस्तातली आणि सैल भरली होती. एका सकाळी पोरानं गल्लीत जरा जोरात पाय दाबला, आणि गाडीनं मागून पिवळी लोकर ओकली. समोरच्या घरातले वकील आपला काळा कोट कठड्यावर हवेला टाकून आत गेले होते. तो कोट घालून ते कोर्टात गेले. काचेची लोकर म्हणजे काय तुम्हाला सांगते, दिसत नाही आणि चावते. ते उभे राहिले आणि खाजवायला लागले. मानेमागे हात, काखेत हात, पुन्हा मानेमागे. न्यायाधीशांनी तीनदा विचारलं, वकीलसाहेब, आपल्याला काही बोलायचंय का, हात सारखा वर होतोय म्हणून विचारतो. खटला हरले. खाज नसती तरी ते हरलेच असते असं त्यांची बायकोच म्हणते, पण त्यांच्यासमोर आम्हाला मान खाली घालावी लागली. कोट मी स्वतः झटकून, ओल्या फडक्यानं पुसून दिला. माझे हात अजून चुणचुणतात.

तिसऱ्या खेपेला मिस्त्रीच इरेला पेटला. म्हणाला, आता हे माझं काम. एक मोठा डबा नको, दोन लहान. एक पोटाखाली, एक मागे. नळी आधीपेक्षा जाड, आणि वळणं अशी गुळगुळीत की आतून कुठे चुणी नाही. जाळीभोवती आधी बारीक पोलादी तारेचा थर आणि मग लोकर, म्हणजे ती उडून वकिलांकडे जायची नाही. आणि इंजिनातून निघणाऱ्या दोन नळ्या मध्ये एका आडव्या नळीनं जोडलेल्या, म्हणजे एकीचा जोर वाढला की दुसरी तो वाटून घेते. हे सगळं तो मला खड्ड्यात उभा राहून सांगत होता आणि मी वर स्टुलावर बसून मान हलवत होते. आडव्या नळीचं मला विशेष आवडलं. दोन घरांत अशी एखादी असावी. (आमच्या दोन घरांत ती मीच आहे, असं मी म्हणणार होते, पण मी हात आहे. – सून)

गाडी चालू केली. मागे उभं राहून सगळ्यांनी ऐकलं: मिस्त्री, पोरगा, वकील (कोट न घालता), वकिलांची बायको. मांजर पोटात गुरगुरतं तेवढाच आवाज. चढावर नेली, तर नर्सबाईच्या पुढे अशी निघून गेली की बिचारीनं घंटी वाजवायलाही उशीर केला. सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली.

मी म्हटलं, तुम्ही सगळे चुकीच्या जागी उभे राहून ऐकताय. विहीणबाई काय गल्लीत झोपतात?

तर विहीणबाई, त्या दुपारपासून मी तुमच्या खोलीत जाऊन तुमच्या गादीवर झोपायला लागले. तुम्ही झोपता तशीच, भिंतीकडे डोकं, खिडकी घट्ट लावून, ती दगडासारखी उशी मानेखाली घेऊन. (तुमच्या मनाचा घट्टपणा कुठून येतो ते मला त्या उशीनं सांगितलं.) माझ्या कानांवर माझा विश्वास राहिला नाही आणि घरच्यांचा तर नाहीच, म्हणून मी एक स्टीलचं ताट घेतलं, त्यात मूठभर मसूर पसरला आणि ताट पोटावर ठेवलं. खाली गाडी चालू करायची, हळूहळू वेग वाढवायचा. मसूर निजून राहिला तर मी काठीनं जमिनीवर एकदा ठोकणार. मसूर नाचला तर दोनदा.

दोनदा ठोकलं.

मिस्त्री म्हणाला, हा घुमारा आहे. बाहेर ऐकू येत नाही, पण एका ठरावीक वेगाला खोली आतून हुंकारते. त्यावर त्याच्याकडे उपाय होता. मुख्य नळीला बाजूनं एक आखूड नळी जोडायची, जिचं दुसरं तोंड बंद. तिच्यातून काही जात नाही, येत नाही. घुमारा तिच्यात शिरतो, शेवटाला आपटून परत येतो आणि येणाऱ्या घुमाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करतो. म्हणजे जिचं काम एवढंच, सगळं ऐकून घ्यायचं आणि बाहेर कुणाला काही सांगायचं नाही. मी म्हटलं, अशी आमच्या घरी एकोणीस वर्षांपासून आहे, ती पोळ्याही करते. (– सून. इथे मला काही म्हणायचं नाही.)

नळी बसवली. मी पोटावर ताट. दोनदा ठोकलं. मिस्त्रीनं नळी दोन बोटं कापली. दोनदा. गाडीखालचे टेकू बदलून रबराचे घातले. दोनदा. चार दुपारी असं चाललं. मिस्त्रीनं चहा सोडला. पोरगा रोग्यांच्या तोंडात आरसा धरून घुमाऱ्याचा विचार करायला लागला, एका बाईची चांगली दाढ उपटता उपटता वाचली. मी मात्र हटले नाही. मसूर नाचतोय म्हणजे नाचतोय.

पाचव्या दुपारी मी पडले, ताट ठेवलं, डोळे ताटावर, आणि बराच वेळ वाट पाहून दोनदा ठोकलं. जिन्यावर पावलं वाजली. मिस्त्री मोजे घालून दारात उभा, टोपी हातात. अगदी हळू म्हणाला,

"आजी, गाडी माझ्या गॅरेजात आहे. आज आणलीच नाही."

मी ताटाकडे पाहिलं. मसूर नाचत होता. पोटावर ताट ठेवलं आणि पोट श्वास घेत असलं तर मसूर नाचणारच, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरच्या नाही, इंजिनाच्या डॉक्टरच्या नाही, आणि भात्यापाशी वाढलेल्या माझ्या तर मुळीच नाही. तुमची लेक त्या दुखऱ्या टाचेसकट जमिनीवर बसून हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग ताट स्टुलावर ठेवलं, गाडी आणली, आणि मिस्त्रीनं वेग वर नेला, खाली आणला. मसूर गटफोटोतल्या लोकांसारखा निश्चल. घुमारा पहिल्याच दिवशी गेला होता.

तेव्हा आता गाडी शांत आहे आणि तिचा श्वास मोकळा आहे. मागच्या रविवारी पोरगा फेरी मारून आला तरी वकील विचारत होते, विकली का हो?

आणि इथेच सगळं बिघडलं. त्याच दिवशी त्यानं तुम्हाला फोन केला. आधी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं, मी दाराआडून ऐकत होते. तुम्हाला नीट सांगितलं, आवाज राहिला नाही, खोलीत काच हलत नाही, याल का? तुम्ही म्हणालात, छान झालं, पण मला नाही जमायचं. त्यानं फोन ठेवला. मग म्हणाला, त्यांना आवाज नाही, ती गाडीच नको आहे. माझ्यामुळेच गेल्या त्या. गाडी विकतो. तुमची लेक म्हणाली, असं काही करायचं नाही, माझं मी बघेन. त्यावर तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहायला सांगितलंय:

"गाडी महिन्यातून चार दिवस लागते. तुला तुझी आई सहा आठवडे लागणार आहे."

(असं म्हणाले. – सून)

गिऱ्हाईक रविवारी सकाळी येतंय. आज गुरुवार. तो रोज संध्याकाळी येऊन गाडी पुसतो. पुसून झालेली जागा पुन्हा पुसतो. मला तीन दिवस एका जागी बसवत नाही. पंखा लावला की गार, बंद केला की उकडतं. चहा केला की नको वाटतो, नाही केला की आठवतो. (हे पत्र सुरू झाल्यापासून सहा वेळा उठून खिडकीशी गेल्या. खिडकीबाहेर काही नाही. – सून)

तरी आपण मनात किंतु न ठेवता यावं. गाडी असली तरी यावं, नसली तरी यावं. लहानांना आशीर्वाद, मोठं तुमच्याकडे आता तुमच्याखेरीज कुणी नाही, तेव्हा नमस्कार सगळा तुम्हालाच.

आपली,
(इथे सासूबाईंनी स्वतः पेन घेऊन एक गोल काढला आहे. तो पूर्ण जुळलेला नाही. – सून)

ताजा कलम: तुमच्या चष्म्याचं घर इथे राहिलं होतं. ते मी वापरतेय, त्यात सुया ठेवल्यात. आलात तर परत देईन.

दुसरा ताजा कलम: पत्र बंद करू नकोस म्हणून मी हिला थांबवलंय. हिला चहा करायला पाठवणार होते, मग लक्षात आलं की ही उठली तर लिहिणार कोण. इथेच माझी पंचाईत आहे, विहीणबाई. ज्याला अक्षर येतं तो आपलं पाप एकांतात लिहू शकतो. मला कुणाला तरी ते आधी ऐकवावं लागतं. पोराकडून लिहून घ्यावं तर तो ऐकून गप्प बसेल, आणि त्याचं गप्प बसणं मी आठ महिने पाहिलंय. मिस्त्रीकडून घ्यावं तर तो मध्येच नळ्यांचं लिहील. तेव्हा जिनं ऐकू नये असं वाटत होतं तिलाच सांगते, आणि तिच्याच हातानं तुम्हाला.

तुम्ही आवाजामुळे गेला नाहीत. ते मला ठाऊक आहे आणि तुम्हाला ठाऊक आहे. शनिवारी दुपारी घरात आपण दोघीच होतो. तुम्ही स्वयंपाकघरातले डबे काढून पुसले होते आणि नव्यानं लावत होता, रोजचे सगळे मधल्या फळीवर, लेकीला टाच उचलावी लागू नये म्हणून. मी दारात येऊन म्हटलं, "आमच्याकडे पाहुण्यांनी डब्यांना हात लावायचा नसतो."

मोठ्यानं नाही म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असतं तर तुम्हीही मला चार शब्द ऐकवले असते, भांडण झालं असतं आणि दिवेलागणीला दोघी शेंगा सोलत बसलो असतो. मी हळू म्हटलं. तुम्ही हातातला डबा ठेवलात, हात पुसलेत आणि खोलीत गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गाडी गरजली आणि तुम्हाला निघायला कारण मिळालं. मलाही मिळालं. पोरगा हात जोडून उभा होता तेव्हा मी जिन्यात होते. एक शब्द बोलले असते तर त्याचे जोडलेले हात सुटले असते. नाही बोलले. उलट त्या भोकं पडलेल्या सायलेन्सरचे मनात आभार मानले. आठ महिने सगळं घर गाडीचा आवाज घालवण्यात गुंतलं होतं आणि सर्वांत पुढे मी होते, पोटावर ताट घेऊन.

(मला हे माहीत नव्हतं. – सून)

हात थांबलाय. लिही म्हटलं. रडून घे, पण कागद ओला करू नकोस, तुझ्या आईचा चष्मा आधीच जुना आहे.

तुमच्या लेकीच्या घरात तुम्ही पाहुण्या नाही. ते म्हणायचा मला हक्क नव्हता आणि मी म्हटलं. माझं चुकलं. आज संध्याकाळी तो गाडी पुसायला शेडमध्ये जाईल तेव्हा मी खाली जाऊन त्यालाही हे सांगणार आहे, तुम्ही याल की नाही ते न कळताच. रविवारच्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं की नाही ते मग त्याचं तो ठरवेल. माझ्या तोंडावर तो ओरडला तर बरं होईल.

तिसरा ताजा कलम: डबे तुम्ही लावून गेलात तसेच आहेत. हलवायला सवड झाली नाही. (आठ महिने. – सून) आलात की हवे तसे फिरवा, मी दारातही येणार नाही. फक्त सगळ्यांत वरच्या फळीवरचे तीन मोठे डबे जागचे हलवू नका. त्यात माझ्या ठेवणीतल्या वस्तू आहेत आणि माफी मागितली म्हणून मी स्वयंपाकघर सोडून दिलेलं नाही.

(आई, तिन्ही रिकामे आहेत. – सून)